वायफायचा गेटपास

आई गेल्यानंतर माझ्या तोंडून मराठी निघणंच जवळजवळ बंद झालं. नोकरीचं काम घरून आणि इंग्रजीत. भाजीवाला, गॅसवाला, बँक, हे सगळं हिंदीत. शाळा इंग्रजी माध्यमाची असल्यामुळे मैत्रिणींशीही कधी मराठी बोलले नव्हते. आमच्या क्वार्टरमध्ये मराठी जेवणाच्या टेबलापाशी बोललं जायचं, आणि त्या टेबलावर आता माझा लॅपटॉप आणि न उघडलेली पाकिटं पडलेली असायची. जिन्यात वरच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या की विचारायच्या, "काय गं, जेवली का?" मी "हो" म्हणायचे. दिवसभराचं मराठी तेवढंच.

भोपाळमधल्या एका सरकारी कारखान्याच्या वसाहतीत आमचं हे क्वार्टर होतं. कंपाउंडच्या पलीकडे अवधपुरीच्या बाजूला नव्या इमारती वर चढत होत्या, अलीकडे आमचे जुने दुमजली ब्लॉक आणि कडुलिंब. बाबा या कारखान्यात होते. मी लहान असताना ते गेले आणि त्यांच्या जागी आईला नोकरी मिळाली, कारकून म्हणून. पुढे कॉम्प्युटर आले तेव्हा त्या विभागात जायला कुणी राजी नव्हतं, म्हणून हिला बसवलं. ती तिथे शिकली आणि तिथलीच झाली. आता ती नव्हती, त्यामुळे क्वार्टर माझ्याकडे फक्त मुदतीपुरतं होतं. वसाहतीच्या कार्यालयातून तशी नोटीस आली होती. टेबलावरच्या पाकिटांपैकी ती एक.

एका रविवारी सकाळी काकू खाली आल्या. एका हातात डबा, दुसऱ्या हातात नवाकोरा फोन. त्यांचा जुना फोन जिन्यात पडून फुटला होता. पुण्याच्या मुलानं नवीन पाठवला होता.

"हे बघ बाप्पा. पासवर्ड टाकला, तुझ्या आईनं दिलेलाच टाकला, तरी तुमचं वायफाय आत घेत नाही मला. पोराला मुलगी झाली, रोज दाखवतो तो. आमच्या घरात रेंज कशी ते तुला माहीतच. नुसतं ते चाक गोल गोल फिरते तिच्या चेहऱ्यावर."

"काकू, ते आईनं..." मी थांबले. "त्याला पास लागतो."

"हो ना! ती करून द्यायची. तू करून दे."

हे समजावून सांगायला हवं. घरचं वायफाय आईनं कारखान्याच्या गेटसारखं चालवलं होतं. प्रत्येक फोनला स्वतःचा एक पत्ता असतो. तो पत्ता आई राउटरमध्ये शिरून स्वतः लिहायची, तेव्हाच तो फोन चालायचा. नुसता पासवर्ड माहीत असून उपयोग नव्हता. मी तिला हसायचे. "आई, इथे कोण चोर येणार आहे?" ती म्हणायची, "चोराचं नाही गं. आत कोण आहे ते आपल्याला ठाऊक असावं." तिनं वर काकूंना आत घेतलं होतं हे मला माहीत होतं. आणखी कुणाकुणाला, ते कधी विचारलं नव्हतं.

वायफायचा पासवर्ड मला ठाऊक होता. राउटरच्या आत शिरायचा वेगळा असतो, तो ठाऊक नव्हता. काकू समोर बसलेल्या असतानाच मी प्रयत्न केले. बाबांचा स्टाफ नंबर, कारण या वसाहतीत माणसाचं सगळं त्याच नंबरावर चालतं, शाळेच्या फॉर्मपासून दवाखान्याच्या कार्डापर्यंत. मग आईचा. मग माझी जन्मतारीख. राउटरनं सांगितलं, थोडा वेळ थांबा, आणि दार बंद केलं.

"मग?" काकू म्हणाल्या.

"मागे एक छोटं भोक आहे. त्यात काहीतरी टोचून धरलं की राउटर दुकानातून आणल्यासारखा कोरा होतो. मग खाली चिकटवलेल्या कागदावरच्या पासवर्डनं आत जाता येतं."

"मग टोच ना."

मी टोचलं नाही. तो कोरा झाला असता तर आईनं लिहिलेलं सगळं गेलं असतं. वायफायचं नाव, तिचे नियम, तिनं आत घेतलेली माणसं. तिचे कपडे मी मामीबरोबर बांधून दिले होते, तिचं बँकेचं खातं बंद केलं होतं, तिचा सिम कार्डवाला नंबरही आता नव्हता. घरात एवढी एकच गोष्ट तिनं लावली तशी अजून चालू होती. मला काकूंना आत घ्यायचं होतं आणि आईला पुसायचं नव्हतं. हे मी काकूंना सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "आईनं याची एक प्रत ठेवली असेल. तिच्या कॉम्प्युटरवर. ती मिळाली की सगळं परत होतं तसं करता येईल."

आईचा कॉम्प्युटर ती दवाखान्यात गेली तेव्हापासून बंद होता. चालू केला तर आतून टक्, टक् असा आवाज आला आणि पडदा काळाच राहिला. हा आवाज मला ओळखीचा होता. हार्ड डिस्क जायला आली की असा वाजतो. अशा डिस्कवरून एकेक फाइल शोधत बसायचं नाही, हे आईनंच शिकवलेलं. डिस्कमध्ये जीव आहे तोवर आधी ती अख्खी दुसरीवर उतरवून घ्यायची. "क्लोन म्हणजे नुसत्या फाइली उचलणं नाही," ती सांगायची, "रिकाम्या जागेसकट सगळं जसंच्या तसं." तिलाही हा आवाज आला असणार, कारण कपाटात त्याच कंपनीची, तेवढ्याच क्षमतेची नवी डिस्क आणून ठेवलेली होती.

दोन डिस्क उभ्या खोचायचा तिचा डॉक होता. एका खाचेत जुनी, दुसऱ्या खाचेत नवी, आणि क्लोन. अदलाबदल झाली तर कोरी डिस्क जुनीवर उतरते आणि जुनीवरचं सगळं जातं. म्हणून आईची एक पद्धत होती. खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा होते, तशी ती घरी कॉम्प्युटर उघडून धूळ पुसायची आणि डिस्कला कुंकू लावायची. कुंकू असलेली ती जुनी. मी जुनी डिस्क स्क्रू काढून बाहेर घेतली, टेबलावर ठेवली, आणि कपाटातली नवी तिच्या पाकिटातून काढून शेजारी ठेवली.

दोन्हींवर कुंकू होतं.

गेल्या खंडेनवमीला आईनं नव्या डिस्कचीही पूजा केली होती. घरात नवीन वस्तू आली की तिला कुंकू लावून मगच कपाटात, हीसुद्धा तिचीच रीत. आणि मी जुनी कुठली, नवी कुठली हे न बघता दोन्ही शेजारी ठेवून पाणी प्यायला गेले होते. परत आले तेव्हा मध्ये काकूंनी डबा ठेवायला जागा केली होती.

"काकू, या हलवल्या का तुम्ही?"

"थोडंसं सरकवलं. काहून, काही बिघडलं का?"

"नाही, नाही."

वास्तविक उपाय सोपा होता. एकेक डिस्क एकटीच लावायची आणि ऐकायचं. पहिली लावली, ती गुळगुळीत फिरली. दुसरी लावली. टक्, टक्. आपल्या माणसाचा खोकला ओळखावा तशी मी ती ओळखली. मग तिच्यावर नीट पाहिलं तर कुंकवाचे थरावर थर होते, आणि एका स्क्रूच्या खाचेत अक्षतेचा एक दाणा अडकून वाळला होता.

क्लोनला दुपार लागली. आकडा पुढे सरकायचा, थांबायचा, डिस्क टकटकायची, पुन्हा सरकायचा. काकूंनी आणलेला गोळाभात मी डॉककडे बघत खाल्ला. काकू वर गेल्या, काकांना वाढून पुन्हा आल्या आणि समोर बसून लसूण सोलत राहिल्या. मला बोलायला सुचत नाही, आणि त्यांनी त्याबद्दल कधी काही म्हटलेलं नाही.

क्लोन पूर्ण झाला. काही जागा वाचता आल्या नव्हत्या, बाकी सगळं उतरलं होतं. नवी डिस्क कॉम्प्युटरमध्ये घातली आणि पडद्यावर आईचं सगळं आलं, तिनं सोडलं होतं तसं. तिचे फोल्डर, तिची मोठी केलेली अक्षरं, कारण चष्म्याशिवाय वाचता यावं. 'घर' नावाच्या फोल्डरमध्ये राउटरच्या मांडणीची फाइल होती. फाइल उघडून वाचता येत नव्हती. ती राउटरलाच वाचता येते.

"आता टोचायचं," मी म्हणाले.

काकूंनी बांगड्यांत अडकवलेली सेफ्टी पिन काढून दिली. मी भोकात धरून ठेवली. दिवे गेले, आले. खालच्या कागदावरच्या पासवर्डनं आत शिरले, आईची फाइल चढवली. दिवे पुन्हा गेले, पुन्हा आले. माझा फोन आपणहून जोडला गेला. वायफायचं नाव तेच, आईनं दिलेलं. मला हसू आलं.

"माझा?" काकूंनी फोन पुढे केला.

त्यांचा पत्ता लिहायला मी राउटर उघडला. त्यानं पासवर्ड विचारला. कागदावरचा टाकला, चुकीचा. आणि मग लक्षात आलं. सगळं जसंच्या तसं परत आलं होतं, म्हणजे आईचं कुलूपही. तिची फाइल चढवली की मी बाहेर. कितीदाही चढवली तरी.

मी काकूंना सांगितलं.

"म्हणजे तुझ्या आईनं आत जाऊन कडी लावून घेतली म्हण ना."

त्या सहज म्हणाल्या. मी डबा उचलला आणि धुवायला आत गेले. तो धुऊन झाला तरी नळ चालूच ठेवला. बाहेर आले तेव्हा काकू उठल्या होत्या. "राहू दे गं," त्या म्हणाल्या. "यांच्या फोनवर बघीन. तो चालते ना. माझ्यासाठी जीव नको काढू." पिन टेबलावरच राहिली.

त्या संध्याकाळी मी तिथेच बसून होते. नेट उत्तम चालत होतं. मला आणखी काहीही करायची गरज नव्हती. मुदत संपली की राउटरची वायर काढून मीही जाणार होते, तोवर आईचं घर आईच्या नियमांनी चालू राहिलं असतं आणि मी त्यात पाहुण्यासारखी, आत घेतलेली. वरून काकूंचा आवाज येत होता, "दिसत नाही रे, काही दिसत नाही, थांब, यांचा फोन घेते." मग काकांचं काहीतरी. मग शांत.

सकाळी कारखान्याचा भोंगा झाल्यावर मी ती पिन उचलली. या वेळी फाइल चढवली नाही. ती आईच्या डिस्कवर आहे, तिथेच असू दे. नाव नवीन दिलं, पासवर्ड नवीन, आत शिरायचाही माझा. पत्ते तपासायचा नियम आईचा होता तो अजून लावला नव्हता, तेवढ्यात दार वाजलं.

समोरच्या क्वार्टरमधली कॉलेजची मुलगी. आमच्यात कधी नमस्तेपलीकडे काही झालं नव्हतं. "दीदी, वायफाय चला गया क्या? आंटी ने मेरा फोन डाल रखा था, परीक्षा है।" तिच्या मागोमाग ब्लॉकच्या गेटवरचे चौकीदार, टोपी हातात. "बिटिया, मैडम ने हमको भी अंदर कर दिया था। नहीं हो सकता तो कोई बात नहीं।" मी दोघांनाही बसवलं. फोनचा पत्ता कुठे सापडतो ते दाखवलं, तो राउटरच्या यादीत लिहिला, नवा पासवर्ड दिला. हिंदीत, नेहमीपेक्षा बरंच जास्त बोलले.

मग काकूंना हाक मारली. त्या पदर खोचतच खाली आल्या. मी त्यांचा पत्ता लिहिला, नवा पासवर्ड टाकला, फोन जोडला गेला, आणि त्यांनी तिथेच पुण्याला फोन लावला. टॉवेलात गुंडाळलेलं एक लालबुंद तोंड जांभई देत होतं. "बघ, बघ," म्हणून त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. मी बघितलं.

"झालं पण?" फोन ठेवून त्या म्हणाल्या. "तुझी आई तर अर्धा तास लावायची. चहा कर, घरचं विचार, मग म्हणायची, आण तो फोन. मी म्हणायची, अहो, दोन मिनिटांचं काम, सांगून टाका ना कसं करायचं ते. तर म्हणायची, सांगितलं तर तुम्ही खाली कशाला याल?"

मी पडद्याकडे बघितलं. पत्ते तपासायचा नियम अजून बंद होता. तो तसाच बंद ठेवला तर पासवर्ड माहीत असलेला कुणीही आपापल्या घरी बसून जोडला गेला असता. मुदत संपेपर्यंत माझं दार कुणी वाजवलं नसतं, आणि गेल्या कित्येक महिन्यांत मला तेच हवं होतं.

मी नियम चालू केला.

"काकू, काकांचा फोनही आणा खाली," मी म्हणाले. "तोही परत लिहावा लागेल." आणि चहाचं आधण ठेवायला उठले.