वाळू म्हणून झाकलेलं पाणी

ही गोष्ट घरात फक्त बायकोला माहीत आहे, तीही अर्धीच. आता पूर्ण लिहितो.

दोह्यात पाऊस क्वचितच येतो, पण आला की पाण्याला जायला वाट नसते. ते कुठे साचलंय हे उपग्रहाच्या रडार-चित्रांवरून शोधायचं आणि नकाशा करून द्यायचा, म्हणजे तिथे टँकर जाऊन पाणी उपसतात, हे आमच्या ऑफिसचं काम. रडारला ढगांची अडचण नाही, वाळूची आहे. सपाट कोरडी वाळू आणि साचलेलं पाणी, दोन्ही चित्रात सारखीच काळी दिसतात.

सुरुवातीला फार फसलो. टँकर कोरड्या माळावर जाऊन उभे राहायचे. ज्या खात्याला नकाशे द्यायचो तिथला अधिकारी मीटिंगमध्ये हसून, आभार मानत म्हणाला, "हबीबी, पंपात वाळू गेली. शुक्रान!" बाहेर आल्यावर बॉस मला म्हणाला, "हे पुन्हा ऐकायचं नाहीये. मास्क टाक आणि खलास कर." मास्क म्हणजे नकाशावरचं झाकण: इथे कायम वाळू आहे, इथला काळा डाग पाणी म्हणून धरायचा नाही. एकेक जागा तपासून टाकायला हवा होता. मला कंटाळा आला होता. शहराबाहेरच्या अख्ख्या पट्ट्यावर मी एकाच फटक्यात टाकला. तक्रारी थांबल्या. बॉसने सगळ्यांना बिर्याणी मागवली.

माझा मेव्हणा त्याच पट्ट्यातल्या कामगार-वसाहतीत राहतो. साताऱ्याकडचा. आधी पिकअप चालवायचा. हेवी लायसन्सला नापास होत होत शेवटी पास झाला आणि बस मिळाली. अल दुहैलच्या बंगल्यांत सफाईला जाणाऱ्या माणसांना सकाळी सोडायचं. शुक्रवारी आमच्याकडे ओल्ड एअरपोर्ट भागात जेवायला आला की बायकोला म्हणायचा, "ताई, ड्रायव्हर म्हणू नगंस. कॅप्टन म्हण."

मग एका पावसात पहाटे त्याचा फोन आला. "दाजी, तुमचा उपग्रह काय म्हणतोय? मागच्या वाटंनं काढू का बस?"

ताजा नकाशा उघडला. ती वाट स्वच्छ. मास्क माझाच होता, तरी क्षणभरही आठवला नाही.

"जा बिनधास्त," मी म्हणालो.

अंधारात उतारावर बस पाण्यात शिरली आणि इंजिन बंद पडलं. माणसं सीटांवर चढली, मग खिडक्यांतून उतरली. कुणाला इजा झाली नाही. त्याच्या कंपनीने ठरवलं, ड्रायव्हरचा निष्काळजीपणा. बस काढून घेणार.

मी गप्प बसलो. माझं कॉन्ट्रॅक्ट, मुलीची शाळा, कारणं भरपूर होती. बायको भावासाठी रडायची आणि मी तिला पाणी आणून द्यायचो. शेवटी मलाच ते सहन होईना. मेव्हण्याला घेऊन त्याच्या सुपरवायझरकडे गेलो आणि मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. पाणी होतं, ते नकाशावरून मीच झाकलं होतं, चूक माझी.

त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "भाईसाब, बस सॅटेलाईट चला रहा था क्या?"

मेव्हण्यालाच हसू फुटलं. मला मात्र टेबल उलटवावंसं वाटलं. माणूस खरं बोलायला एवढा जीव गोळा करून येतो आणि त्याचा उपयोग शून्य!

बस गेली. त्याला टँकरवर टाकलं, पावसाचं पाणी उपसायच्या. मी बॉसला मास्कबद्दल सांगितलं. तो म्हणाला, "रिक्वेस्ट टाक. पुढच्या सीझनला बघू, इन्शाल्ला." टाकली. विचारलं. पुन्हा विचारलं. पुढचा सीझन आला तरी उत्तर नाही.

परवा पाऊस झाला. ऑफिसात बसलो होतो, मेव्हण्याचा फोन.

"दाजी, बस बुडाली तिथंच टँकर घिऊन उभा हाय. गुडघाभर पाणी हाय. आमचा कंट्रोलवाला म्हणतोय, नकाशात न्हाई, दुसरीकडं जा. काय करू? वाळू समजून जाऊ का?"

मी कुणालाही न विचारता मास्कचा तेवढा तुकडा कापला. खालून काळा डाग वर आला. नकाशा पाठवून दिला. पाचेक मिनिटांत बॉस टेबलाशी.

"परवानगी कुणी दिली?"

"कुणी नाही. मीच काढला. टाकलाही मीच होता."

तो बोलतच होता, तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. उचलला.

"आला बघा कंट्रोलचा मेसेज, दाजी. पाईप लावतो."

मेव्हण्याने बसचा विषय काढला नाही. ती त्याला अजून मिळालेली नाही.