नातवाचं फुफ्फुस उघडना

"मावशी, याच्या फुफ्फुसात सरफॅक्टंट नाही," परभणीच्या दवाखान्यातले लेकरांचे डॉक्टर म्हणले. मला काय कळंना. माझी पोरगी सुनीता भिंतीला टेकून उभी व्हती. बाळंत होऊन एकच रात झालेली.

डॉक्टरनं समजून सांगितलं. फुफ्फुसात बारीक बारीक पिशव्या असत्यात. ओल्या पिशवीच्या दोन बाजू चिकटत्यात, तशा त्या श्वास सोडला की चिकटत्यात. सरफॅक्टंट म्हंजी साबणावानी रस. तो असला की चिकटत न्हाईत. पोटातल्या शेवटच्या महिन्यांत तो तयार व्हतो. आमचं लेकरू आधीच आलं व्हतं.

आमी पिंगळीजवळच्या खेड्यातले. विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस, एस्टी कवा चालू, कवा बंद. सुनीता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. दुपारी कळा सुटल्या अन् दिवस मावळायच्या आत घरातच पोरगं झालं. सुईण म्हणली, "भिऊ नका गं, सातवा हाय. आठवा असता तर अवघड व्हतं." आमच्याकडं तसंच मानत्यात, सातव्या महिन्याचं जगतं, आठव्याचं जगत न्हाई. मग कुणी गडबड केली न्हाई. उलट साखर वाटली. लेकरू सारखं कण्हायचं. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडायचा. सकाळी ओठ निळे झाले, तवा रेल्वेनं परभणी गाठली.

डॉक्टरला मी ते सातव्या-आठव्याचं सांगितलं. ते म्हणले, "उलटं आहे मावशी. जितकं जास्त पोटात राहील तितकं बरं."

बायांनो, तुमच्यापैकी कुणावर ही येळ आली तर महिना मोजत बसू नका. कळा लवकर सुटल्या तर पोटुशीलाच मोठ्या दवाखान्यात न्या. लेकरू कण्हायलंय, छाती आत वढायलीय, तर निघा.

साबणावानी रस म्हणले म्हणून मी डॉक्टरला विचारलं, "रिठ्याचा फेस चालंल का? आमी लुगडी त्यानंच धुतो."

सिस्टरबाईला हसू आलं. डॉक्टर हसले न्हाईत. "त्यानं आतून जळेल मावशी. बाहेरच्या देशात तो रस गाईच्या फुफ्फुसातून काढतात. आपल्याकडं अजून आला नाही."

गाय तर आमच्या दारात बांधलेली व्हती.

लेकराच्या तोंडात नळी घातली. डॉक्टर हातानं रबरी फुगा दाबायचे, ते दमले की सिस्टरबाई. जेवायला बी गेले न्हाईत. त्यांचे उपकार मी इसरले न्हाई. दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरनं फुगा खाली ठेवला. सुनीताला म्हणले, "घे बाई, मांडीवर घे."

जावई एस्टी बंद म्हणून वाटंतच अडकले. माझ्या भावानं लेकराला मातीत ठेवलं. सुनीताला ताप भरला, म्हणून आमाला वॉर्डातच ठिवून घेतलं. तिला दूध उतरलं. झंपर भिजायचा. ती रडत नव्हती.

बाजूच्या खाटंवर गंगाखेडकडची बाई व्हती. तिला दूध येईना अन् लेकरू रडून रडून लाल झालेलं. सुनीता एकदम म्हणली, "माय, ते इकडं दे." त्या बाईनं माझ्याकडं बघितलं. मी उठले अन् लेकरू उचलून सुनीताच्या मांडीवर दिलं.

ते पोटभर पिलं अन् झोपलं. सुनीतानं त्याच्या अंगावरचं फडकं बाजूला केलं. छाती वर यायची, खाली जायची. कुठं खड्डा न्हाई, काय न्हाई. ती बघतच बसली. मग पहिल्यांदा रडली.