साखऱ्याचं विरजण

आमी दोघांनी मिळून शेवटचं केलं ते भांडण, आन ते बी दह्यापायी.

दिवेलागणीला तांड्यावरची नवी सून वाटी घेऊन दारात आली. विरजण पायजे. दिवा लागल्यावर दही घराबाहेर देत न्हाईत, हे लेकराला बी ठाऊक. मी वरडलो. बायको म्हणली, "दही हाय, लक्ष्मी न्हाई पळून जायाला. तुमी दावं वळा." आन दिलं पळीभर.

दही तरी काय व्हतं! पावणे म्हणायचे, इळी आणा, कापून वाढा!

बायको लगीन होऊन आली तवा साखऱ्याहून, माहेरातून आणलेलं विरजण. गाडीत सारा रस्ता मांडीवर. लोणचं मिठानं टिकतं, बियाणं राखंत टिकतं. एकदा ठेवलं की विसरा. विरजण तसं टिकत न्हाई. रोज सांजंला कालच्यातलं थोडं आजच्या दुधात. चुकलं की गेलं. तिनं चाळीस वर्सं चुकवलं न्हाई. अंगात ताप असला तरी उठायची.

मी म्हणायचो, "माझ्यापरीस त्याला जपती."

"ते तुमच्यावानी वरडत न्हाई."

भांडणाच्या दुसऱ्या दिशी पहाटं गवऱ्या काढताना तिला पान लागलं. सापाचं नाव घेत न्हाईत आमच्यात. दुपारच्या आत गेली.

मसणातून आलो तं भाऊकीतल्या बायांनी रीतीपरमाणं घरातली सारी गाडगी उकिरड्यावर फोडलेली. दह्याचं बी. मी खापरं उकरत बसलो.

त्यातली एक म्हणली, "काहून उकरून राहिले? दुसऱ्याचं आणू की विरजण."

दुसऱ्याचं! आन एकदम डोक्यात लख्ख झालं. तांड्यावर हाय! त्या दुखात मी उभा उडालो.

उजाडताच तांडा गाठला. सून मला बघताच म्हणली, "बाबा, दिवा लागल्यावर म्या नेलं, म्हणून तं..."

"गप. तू नेलं म्हणून हाय. दे."

सुतकातल्या माणसाच्या हातात देत न्हाईत. तिनं वाटी भुईवर ठेवली, म्या उचलली. जवळजवळ पळतच घरी आलो. म्हैस पिळली, अंगणात जाळ केला.

म्हाताऱ्या वरडल्या, "सुतकात चूल?"

"चूल न्हाई, तीन दगडं हाईत!"

दूध तापलं, मंग निवायला ठेवलं. बायको त्यात बोट घालून बघायची. किती ऊन पायजे, ते म्या कधी इचारलंच न्हाई. बोट घातलं, भाजलं. थांबलो, पुन्हा घातलं. पाचव्या बारीला बोटाला बरं वाटलं, तवा विरजण सोडलं.