फाळक्यामागची वीत

नातवाने परवा कॅरव्हॅन आणली. म्हणजे चाकांवरची खोली, पिकअपच्या मागे जोडून सुट्टीला वाळवंटात न्यायची. दुबईच्या दुसऱ्या टोकाला तो राहतो त्या लेक टॉवर्सहून ती ओढत आमच्या मनखूलच्या बिल्डिंगखाली आणली, अर्धा रस्ता अडवला आणि मला खाली बोलावलं, कौतुक बघायला. कौतुक मागाहून. आधी मी त्याला पिकअपचा फाळका उघडायला लावला, मागची ती खाली पडणारी लोखंडी फळी. फाळका आडवा झाला आणि कॅरव्हॅनच्या पुढच्या दांड्यावर टेकूचं चाक खालीवर करायचं जे उभं हँडल असतं, त्याच्यापासून चार बोटांवर थांबला.

"कमी आहे," मी म्हटलं.

"इट्स फाइन, दादा. देअर इज अ कॅमेरा." आजोबाला तो दादा म्हणतो.

कॅमेरा आहे म्हणे. कॅमेऱ्याला काय, तो फाळका हँडलवर आपटतानाही बघत बसेल. पण आजच्या पोरांशी वाद कोण घालणार. मी वाकलो आणि त्या फटीत हात घातला, अंगठा फाळक्याच्या कडेला, करंगळी हँडलकडे. बसला नाही. आणि मला माझ्या मामूची आठवण आली, इतकी की तिथेच रस्त्याच्या कडेला बसावं लागलं. नातवाला वाटलं उन्हाने चक्कर आली.

मामू म्हणजे माझ्या आईचा थोरला भाऊ. साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्यानेच मला दुबईत आणलं. मी बावीस वर्षांचा होतो, रत्नागिरीच्या बंदरातून मुंबई आणि मुंबईहून बोटीने इथे. बोट बाहेर समुद्रातच थांबायची, लहान लाँचमधून खाडीत यावं लागायचं. धक्क्यावर मामू उभा होता. गळाभेट नाही, काही नाही. माझा उजवा हात घेतला, आपल्या हाताला लावला, बोटाला बोट, आणि म्हणाला, "बरोब्बर माझ्याएवढा. चल, कामाचा आहेस."

हाताचं एवढं कौतुक का, तर आमच्या घरात सात पिढ्यांनी मचवे बांधले, शिडाच्या होड्या. मचवा बांधणाऱ्याला टेप लागत नाही, त्याची वीत असते. फळी विताने, वल्हं विताने, डोलकाठीसुद्धा विताने. मामू लाकडावरून लोखंडावर आला, वेल्डिंग शिकला, पण वीत सोडली नाही. वर्कशॉपमध्ये टेप होता, खिळ्याला लटकवलेला. मामू त्याला "सापाची कात" म्हणायचा आणि शिवायचा नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसला माणूस.

आमचं वर्कशॉप म्हणजे खाडीकाठच्या देरा वस्तीच्या बाहेर, पत्र्याची शेड आणि सभोवार वाळू. तेल शोधणारे लोक आत वाळवंटात तळ टाकत, त्यांच्या गाड्यांची कामं आमच्याकडे येत. दुपारी पत्रा इतका तापायचा की आम्ही ट्रकखाली जेवायचो. भात आणि सुकं बोंबील, आणि मामूने पाणी टाकून टाकून पुरवलेलं सोलकढी म्हणवून घेणारं काहीतरी. हसू येतं आता. पण त्या ट्रकखालच्या सावलीसारखी सावली मला पुढे एसीच्या खोलीतही मिळाली नाही, हे खरं सांगतो.

मी आलो त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात मामूची करंगळी गेली. पूर्ण नाही, वरचं एक पेर. आम्ही चेनकप्पीने इंजिन उतरवत होतो, साखळी माझ्या हातात, मामूचे हात खाली इंजिनावर. रस्त्यावरून कोणीतरी ओरडलं की घरची पत्रं आली. मी मान वळवली. बस, मान वळवली तेवढंच, साखळी सुटली. मामूने फडक्यात हात गुंडाळला आणि फोरमनला सांगितलं, "साखळी जुनी होती, घसरली." मीही मान डोलावली. ती लाज आजही अंगावर काटा आणते.

महिन्याभराने मामू कामावर आला आणि पहिल्यासारखीच वीत घालू लागला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. करंगळी एक पेर आखूड झाली, तर वीतही आखूड झाली, हे त्याच्या डोक्यात शिरलंच नाही. की शिरू दिलं नाही, कोण जाणे. आकडे सगळे जुन्या हाताचे पाठ होते आणि मोजणारा हात नवा. पाण्याच्या टाकीचं स्टँड आखूड झालं. मग एका ट्रकच्या केबिनची चौकट. फोरमन वाईट माणूस नव्हता, पण त्यालाही वर साहेबांना तोंड द्यायचं होतं. तो मामूला म्हणाला, "हबीबी, अजून एक काम चुकलं की खलास. पुढच्या बोटीने घरी जायचं." घरी जाऊन मामू करणार काय होता? गावात मचवे बांधून घेणारे उरले नव्हते, आणि साडेनऊ बोटांच्या सुताराला कोण विचारतो.

तिसरं काम आलं ते कॅरव्हॅनचं. तेल शोधणाऱ्या साहेबांच्या तळावर न्यायची होती, ट्रकला जोडून. तिचा पुढचा दांडा, ट्रकच्या हुकात अडकतो तो, वाकला होता, नवा करायचा होता. काम दिसायला सोपं, पण त्यात एक मेख होती. ट्रकमध्ये पाण्याची पिंपं असत. ती काढायची तर फाळका उघडला पाहिजे, आणि कॅरव्हॅन जोडलेली असताना उघडला पाहिजे. दांडा आखूड झाला तर फाळका हँडलवर अडतो. मग पाण्यासाठी दरवेळी भर वाळूत कॅरव्हॅन सोडा, आणि एकदा सोडलेली वाळूत रुतली की पुन्हा जोडणं म्हणजे चार माणसांचा दिवस. सपाट जागी थोडं अंतर चालून जातं. पण ट्रक उंचवट्यावर चढून उभा राहिला की त्याची शेपटी खाली जाते, उघडा फाळका कॅरव्हॅनकडे झुकतो, आणि होतं नव्हतं ते अंतर संपतं.

मामूला हे सगळं पाठ होतं. आदल्या वर्षी अशाच ट्रकला अशीच कॅरव्हॅन त्याने जोडली होती. "तीन विती फाळका, एक वीत मोकळी. हुकापासून हँडलपर्यंत चार विती," तो म्हणाला आणि लोखंडावर हात ठेवत गेला. एक, दोन, तीन, चार. खडूने रेघ मारली. ट्रक तळावर होता, दुसऱ्या सकाळी येणार होता, तेव्हा लावून बघायची सोय नव्हती. मामू हातपाय धुवायला, वजूला गेला, तिथून दुपारच्या नमाजाला.

मी एकटा त्या रेघेपाशी. माझा हात म्हणजे मामूचा जुना हात, त्यानेच धक्क्यावर मापून घेतलेला. मी ठेवला. एक, दोन, तीन, आणि पुढे जेमतेम अर्धी. चार विती, म्हणजे चारदा एक पेर कमी.  सांगावं तर कसं? मामू, तुमचा हात आखूड झालाय, असं कोणत्या तोंडाने म्हणणार, ज्याच्यामुळे झाला त्यानेच? आणि मूग गिळून बसावं तर उद्या फाळका अडणार आणि मामू बोटीवर चढणार. शेडच्या मागून त्याची अल्लाहू अकबर ऐकू येत होती.

मी फडक्याने रेघ पुसली. माझ्या हाताने चार विती मोजल्या आणि नवी रेघ मारली.

मामू परत आला. रेघेकडे पाहिलं. मग माझ्या हाताकडे, त्याला खडू लागला होता. मी घाईघाईने पँटला पुसला, म्हणजे होता तो संशयही फिटला. तो रागावेल, करवत फेकेल असं वाटलं होतं, त्याचा राग मोठा नामांकित. त्याने करवत घेतली आणि माझ्या रेघेवर दांडा कापला.  रात्री जेवताना त्याने बोंबलाचा मोठा तुकडा माझ्या ताटात टाकला.

सकाळी ट्रक आला. फोरमन स्वतः उभा. कॅरव्हॅन जोडली, ट्रकची पुढची चाकं मुद्दाम वाळूच्या ढिगावर चढवली. "यल्ला, चला, उघडा," फोरमन म्हणाला. मी कडी काढली आणि फाळका खाली सोडला. तो आडवा झाला, हँडलच्या अलीकडेच थांबला. फोरमनने मान हलवली आणि चहा प्यायला गेला. झालं, एवढंच.

मग मामूने ट्रक खाली सपाटीवर घ्यायला लावला, फाळका पुन्हा उघडायला लावला, आणि त्या फटीत वीत घातली. अंगठा कडेला टेकला. करंगळी हँडलपर्यंत पोचली नाही. एक पेर जागा उरली, रिकामी. तिच्याकडे त्याने पाहिलं. मग हात काढला, लुंगीला पुसला आणि कामाला लागला.

त्याच आठवड्यात दुसरा दांडा करायचा होता. मामूने मला हाक मारली, माझं मनगट धरलं आणि माझा हात उचलून लोखंडावर ठेवला. एक. उचलला, पुढे ठेवला. दोन. पुढची पाच वर्षं, तो आपल्या मर्जीने गावी परतेपर्यंत, असंच चाललं. डोकं त्याचं, आकडे त्याचे, वीत माझी. पण त्या पहिल्या दिवशी दुसऱ्या वितीवर माझा तळवा लोखंडावरून उचलला गेला आणि माझ्याच्याने राहवेना.

"मामू," मी म्हटलं, "साखळी जुनी नव्हती. पत्रं आली म्हणून मी मागे बघितलं."

त्याने माझं मनगट सोडलं नाही.

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "हात सपाट ठेव. माप चुकेल."