बाम्गोलची भरलेली पिशवी

ह्वांग बोंगन्ये आमच्या मंडळीच्या बायबलबाई. अंगाने काटकुळ्या, पण आवाज असा की त्या प्रार्थनेला बसल्या की अंगणातला कुत्रा उठून बाहेर जाई. तरुणपणीच विधवा झाल्या. पुढचं सगळं आयुष्य डोंगरातल्या वस्त्या पायी फिरून बायकांना वाचायला आणि प्रार्थना करायला शिकवण्यात गेलं. मी चर्चच्या स्वयंपाकघरात होते, म्हणून त्यांना जवळून पाहिलं.

तांदळाच्या पिशवीची सवय आमच्या बायकांना त्यांनीच लावली. भात टाकण्याआधी घरातल्या एकेकाचं नाव घ्यायचं, त्याच्यासाठी प्रार्थना करायची आणि माणशी एक चमचा तांदूळ पिशवीत टाकायचे. रविवारी ती पिशवी चर्चच्या दाराशी आपापल्या खिळ्याला अडकवायची. कोरियातल्या लढाईच्या दुसऱ्या वर्षी आईबाप हरवलेली पोरं चर्चमध्ये येऊन राहिली, ती याच तांदळावर. मिशनकडून दुधाची भुकटी यायची, पण तिने पोरांची पोटं बिघडत. ती आम्ही पेजेत थोडी थोडी मिसळत असू. पाळकसाहेबांना उन्हाळ्यात कोणीतरी धरून नेलं होतं. ते परत आले नव्हते. सगळा भार बाईंवर होता.

त्या वर्षी पानं लाल होत असताना वरचं गाव, बाम्गोल, जळालं. कोणी जाळलं ते आमच्यात कोणी विचारत नसे. दिवसा एका बाजूचे सैनिक येत, अंधार पडल्यावर दुसऱ्या बाजूचे. गावातून जिवंत असं कोणी खाली उतरलं नाही. फक्त ओकबुन नावाची मुलगी ओढ्याकाठी सापडली. बाईंनी तिला पोरांत आणून ठेवलं. ती खायची, झोपायची, पण बोलत नसे.

नंतरच्या एका रविवारी मी दार उघडलं तर बाम्गोलच्या रिकाम्या खिळ्यांपैकी एकाला पिशवी. लाल दोऱ्याची शिवण, ओकबुनच्या घरची. भरलेली.

"हात लावू नका," आमच्या मंडळीचे पंच ब्योन मागच्या मागे सरकत म्हणाले. "मेलेल्यांचं धान्य आहे हे."

बाईंनी मूठभर तांदूळ ताटलीत ओतले. "मेलेली माणसं तांदूळ निवडून देतात होय, पंच? यात एक खडा नाही."

त्या दिवशी पोरं जेवली. पंच जेवले नाहीत.

पुढच्या रविवारी पहाटे पहारा करतो म्हणून पंच स्वतः आदल्या रात्रीच दाराशी झोपले. सकाळी तशीच आणखी एक भरलेली पिशवी खिळ्यावर, पंच पांघरुणात.

"पावलं ऐकली, बाई. धुकं केवढं होतं! मी प्रार्थना करत होतो."

"पांघरुणातून?"

"प्रभूला पांघरुणातूनही ऐकू येतं."

आम्ही हसलो. तेवढ्यात ओकबुन पुढे आली. तिने पिशवी खिळ्यावरून काढली, दोन्ही हातांवर तोलली आणि पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"सगळे आहेत."

"कोण सगळे, बाळ?"

"पिशवी मीच आणायची ना. एवढीच जड असते. आजोबा, आजी, बाबा, आई, माझे दोघे भाऊ, मी. कोणाचाच चमचा कमी नाही."



त्याच आठवड्यात निरोप आला की लढाई इकडे सरकते आहे, शनिवारी मिशनचा ट्रक येईल, सगळी पोरं दक्षिणेला बुसान बंदरात न्यायची. बुसानला तेव्हा अनाथ पोरांचा समुद्र झाला होता. तिथे गेलेलं पोर कोणत्या आश्रमात पडेल, कोणाच्या घरी जाईल, त्याला नाव तरी कोणतं मिळेल, याचा पत्ता नसे. घरचं कोणी जिवंत असेल तर ओकबुन त्यांना कायमची हरवणार होती. आणि कोणी नसेल तर तिला मागे ठेवणं म्हणजे तोफांच्या तोंडी देणं.

"बसवा तिला ट्रकमध्ये," शुक्रवारी पंच म्हणाले. "मेलेल्यांची वाट बघत बसाल आणि जिवंत आहे तीही जाईल."

ते काही खोटं बोलत नव्हते. बाई बराच वेळ गुडघ्यांवर होत्या. उठल्या आणि रबरी बूट पायाला दोरीने बांधू लागल्या.

"जेवढी माणसं तेवढे चमचे, हे मीच बायकांना शिकवलं. आता भरलेली पिशवी समोर आली तर खोटी कशी म्हणू? उजेड आहे तोवर जाऊन येते. कोणी नसलं तर उद्या माझ्या हाताने तिला ट्रकमध्ये बसवीन."

मीही निघाले. ओकबुन मागे राहीना, तिलाही घेतलं. वाटेत सुरुंग पेरलेले असायचे, म्हणून एकीच्या पावलावर दुसरीने पाऊल टाकत चढलो. सगळ्यात पुढे बाई. बाम्गोलच्या तोंडाशी पर्सिमॉनचं झाड नारिंगी फळांनी वाकलं होतं आणि त्यावर एकही कावळा नव्हता. घरांच्या भिंती उभ्या, आत आभाळ. कुठे काही हलत नव्हतं. आणि त्या जळक्या गावात ताज्या भाताचा वास येत होता.

"आमच्याकडचा," ओकबुन म्हणाली.

अंगण झाडलेलं होतं. कोपऱ्यात पुरलेला धान्याचा रांजण उकरून काढलेला. मोडक्या पत्र्याखाली चूल, आणि चुलीपुढे ओकबुनची आई. समोर पितळी वाडगे मांडलेले, प्रत्येकात वाफाळता भात. बाईंनी माझा दंड धरला आणि नजरेने चमचे दाखवले. आमच्याकडे मेलेल्याच्या पानावर चमचा भातात उभा रोवतात. इथे चमचे आडवे, वाडग्याशेजारी. जिवंत माणसांचं पान मांडलं होतं ते.

"सावकाश रे, तोंड भाजेल," ती एका वाडग्याला म्हणाली. दुसऱ्याकडे वळून, "मामंजी, आज मीठ बेताचंच आहे हं."

मग तिने ओकबुनकडे पाहिलं. रोजच्यासारखं.

"उशीर केलास. बस."

 ती या जिवंत पोरीलाही त्या गेलेल्या सगळ्यांतच धरत होती. 

ओकबुन आपल्या वाडग्यापुढे बसली. भूक लागलेल्या पोराने खावं तशी खायला लागली. चमचा पितळेवर वाजत होता, तेवढाच आवाज. शेवटी तिने वाडगा खाली ठेवला.

आई त्या वाडग्याकडे बघत राहिली. उचलला, आत बोट फिरवलं.

"हा रिकामा कसा?"

"मी जेवले, आई."

तिने पोरीचा गाल चाचपला, ओठाला चिकटलेलं शीत काढलं. मग मान वळवली आणि रांगेतल्या बाकीच्या वाडग्यांकडे पाहिलं. सगळे काठोकाठ भरलेले. एकेकाकडे पाहताना तिचा चेहरा जसा होत गेला, तो मी अजून विसरले नाही. मग ती ओरडली. बाम्गोलमध्ये तेवढे दिवस कोणी रडलं नव्हतं, ते सगळं तेव्हा बाहेर आलं.

शनिवारी ट्रक गेला. मायलेकी त्यात नव्हत्या. दोन दिवसांनी आम्ही सगळेच पायी दक्षिणेला निघणार होतो, त्यांना घेऊन.

रविवारी भात टाकण्याआधी बाईंनी लाल दोऱ्याची पिशवी ओकबुनच्या आईपुढे उघडून धरली. तिने ओकबुनचं नाव घेतलं, चमचा टाकला. स्वतःचं घेतलं, टाकला. तिसरा चमचा भरला आणि हात तसाच राहिला. बाईंनी पिशवी मिटली नाही. धरून उभ्या राहिल्या.

त्या दिवशी पोरांच्या जागा रिकाम्या होत्या, तरी त्या तिसऱ्या चमच्याची वाट बघता बघता जेवायला फार उशीर झाला.