सायकल-स्टँडवरचा उस्ताद

सगळी गल्ली त्याला उस्ताद म्हणायची आणि तो खुशाल मान डोलवायचा. थट्टा कळायला जेवढी अक्कल लागते तेवढीही याच्या वाट्याला आलेली नाही, असं त्याच्या बायकोचं स्पष्ट मत होतं.

थिएटरच्या सायकल-स्टँडवर तो बिल्ले वाटायचा. एकदा तिथे तिच्या भावाची मोटरसायकल आडवी झाली, आरसा फुटला, आणि भावाने भर गर्दीत बहिणीच्या नवऱ्याच्या थोबाडीत दिली. त्याच सुमारास थिएटरला मारामारीचा एक जुना सिनेमा लागला. गावगुंडाचा मार खाल्लेला पोरगा डोंगरावरच्या म्हाताऱ्या गुरूकडे जातो, हाल सोसून विद्या शिकतो आणि सूड घेतो. सूड घेतो म्हणे! उस्तादाने तो शेवट कधी पाहिलाच नाही. सिनेमा संपायच्या आधी स्टँडवर हजर राहावं लागे, नाहीतर लोक एकमेकांच्या सायकली घेऊन पसार. त्यामुळे रोज शिकवणी तेवढी पाहायला मिळे. पुढचं लोकांना विचारावं, तर उस्तादाने विचारायचं कसं?

तीच शिकवणी त्याने घरी आणली. दोन्ही हात पसरून भरलेल्या बादल्या धरायच्या, एका पायावर उभं राहायचं, नाकाने फुसफुसायचं. अर्धं पाणी स्वयंपाकघरभर, आणि पुसायला ही. शिवाय सिनेमातला गुरू शिष्याला बेसावध गाठून हाणतो, म्हणून ते कामही हिच्याच गळ्यात पडलं. जेवताना, दाढी करताना, चप्पल शोधताना हिने अवचित फटका मारायचा आणि त्याने चुकवायचा. वर्षानुवर्षं ती मारत आली. त्याने एकही चुकवला नाही.

"एक दिवस तुझ्या भावाला दाखवतोच," गाल चोळत तो म्हणायचा.

ती हसण्यावारी न्यायची, पण मनात धसका होता. आईवडील गेल्यावर माहेर म्हणून तो एकटा भाऊच उरला होता. या वेड्याने खरंच हात उगारला तर ते दार कायमचं बंद.

आणि एके दिवशी भाऊ आला. मुलीचं लग्न ठरलं होतं. खुर्चीत ऐसपैस बसून तो बहिणीला म्हणाला, "तू चार दिवस आधीच ये. आणि यांनाही आण, गाड्या लावायला माणूस लागतोच. फक्त या खेपेला आडवी पाडू नका, काय दाजी?" मग उठून त्याने दाजींच्या त्याच गालावर टपल्या मारल्या.

उस्तादाने पाय उचलला. हात पसरले. नाक फुसफुसलं. तिची तिलाच लाज वाटली, कारण ती मनात म्हणत होती, मार, मार की रे मेल्या!

तो तसाच उभा. पुढे काय करायचं ते त्याला ठाऊकच नव्हतं.

भाऊ पोट धरून हसत सुटला. "अगं, घरात बगळा कधीपासून पाळलास?"

फटका कुणाला दिसलाच नाही. भाऊ गाल धरून खुर्चीत कोसळला, तेव्हा आवाज कसला झाला ते कळलं. तिचा हात सवयीने गेला होता, अगदी बेसावध गाठून.

भावाने चपला अडकवल्या आणि तो निघून गेला. लग्नाला येऊ नकोस हे सांगायची गरजच उरली नव्हती. तिला रडू फुटलं. होतं नव्हतं ते माहेर गेलं, आणि ते कुणापायी? डोळे पुसत तिने मागे वळून पाहिलं.

उस्ताद अजून एका पायावरच होता.

"म्हणजे," तो म्हणाला, "शेवट असा असतो होय!"