वळणाआधीचा गिअर

आम्ही बौद्ध. आत्मा वगैरे मानत नाही, त्यात मी संशोधक... त्यामुळे या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव आजवर निव्वळ टाइमपास म्हणून वाचत आले. आज स्वतःचा लिहितेय, कारण दुसऱ्या कुणाला सांगावं तेच कळत नाही.

सिंगापूरमध्ये सेंगकांगला आमचा फ्लॅट आहे. आता मी आणि आठ वर्षांची तारा, दोघीच. माझा नवरा सुमेध गेल्या वर्षी ऑफिसमध्येच हार्ट अटॅकने गेला.

त्याला गाड्यांचं वेड. मॅन्युअल गिअरचीच ऑल-व्हील-ड्राइव्ह हवी होती त्याला. पण माझं लायसन्स फक्त ऑटोमॅटिकचं, म्हणून मन मारून ऑटोमॅटिक घेतली.

"चारही चाकं ओढतात म्हणून गाडी नीट वळतेच असं नाही गं," तो म्हणायचा. "ही बया ऐन वळणात स्वतःच्या मनाने गिअर बदलते. रस्ता ओला असला की गाडीचं नाक वळणाबाहेर जातं. खालचा गिअर आधीच टाकून ठेवायचा."

त्यासाठी स्टिअरिंगमागे डावीकडे एक छोटी पट्टी असते — पॅडल. प्रत्येक वळणाआधी तो ती ओढायचा. मी कधीच नाही. मी आपली 'डी'मध्ये टाकून, गिअर गाडीवरच सोडून चालवते.

त्या शनिवारी दुपारी जुरोंग ईस्टहून परत येताना धो धो पाऊस लागला. एक्स्प्रेसवेवरून सेंगकांगला उतरायच्या वळणाच्या जरा अलीकडे समोरची काच धुरकटली. उजवा हात स्टिअरिंगवर ठेवून डावा मी काचेवर हवा सोडायच्या बटणाकडे नेला, आणि तेवढ्यात... टक्.

इंजिनचा आवाज चढला, वेग उतरला. समोर 'डी'च्या जागी खालच्या गिअरचा आकडा दिसत होता. मी काहीच केलं नव्हतं! गाडी रस्त्याला चिकटल्यासारखी वळली — आणि पुढे एक लॉरी आडवी होऊन बंद पडलेली. मी ब्रेक दाबला. थांबलो तेव्हा मध्ये जेमतेम एक माणूस उभा राहील एवढी जागा होती.

मागून तारा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आई, जस्ट नाऊ यू ड्राइव्ह लाइक बाबा, लाह."

मला रडू आवरेना. लॉरीचा ड्रायव्हर भिजत काचेवर टकटक करून "ओके? ओके?" विचारत राहिला.

वर्कशॉपमधल्या अंकलनी गाडीला कॉम्प्युटर लावला. "नो फॉल्ट. समबडी पुल द पॅडल."

"पण माझा हात तिथे नव्हता."

त्यांनी स्क्रीनवरची नोंद पुन्हा एकदा पाहिली. मग हळूच म्हणाले, "देन आय डोन्ट नो, लाह."

त्यानंतर मी मुद्दाम त्या वळणावर गेले. पावसात, उन्हात, तारा शाळेत असताना एकटीच. डावा हात मांडीवर ठेवून. गाडी 'डी'मध्येच राहिली. एकदा पावसात तर ऐन वळणात तिने गिअर बदलला आणि नाक जरासं बाहेर सरकलं... अगदी तो सांगायचा तस्सं. मी मोठ्याने म्हटलंसुद्धा, "सुमेध, बघ ना रे!"

पॅडल जागचं हललं नाही. फक्त वायपरचा आवाज.

सेन्सर, ओलावा, माझाच भ्रम — सगळं धरून पाहिलं. कशानेच उत्तर मिळत नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा. पण झोप उडालीय ती त्यामुळे नाही. तो त्या दुपारी खरंच आला असेल, तर माझ्या इतक्या जवळ होता... आणि मी लॉरीकडे बघत होते.